हायस्कुलात पाऊल टाकणाऱ्या मुलांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस

जून महिना अर्ध्यावर आला म्हणजे आळंदी रस्त्याच्या विश्रांतवाडीकडील भागात दोन प्रकारची गर्दी होऊ लागते. त्यांपैकी एक सर्वांस ठाऊक आहे. ज्येष्ठ वद्य नवमीस श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आळंदीहून पुण्यास येते ती दिघी, विश्रांतवाडी, फुलेनगर ह्याच वाटेने, व त्या दिवशी ह्या रस्त्यावर पाऊल ठेवावयास जागा उरत नाही. दुसऱ्या गर्दीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. शाळा उघडण्याच्या पहिल्या आठवड्यात विश्रांतवाडीच्या चौकात घटकाभर उभे राहून पाहावे. धानोरी, कळस, शांतीनगर, प्रतीकनगर, फुलेनगर इकडून येणाऱ्या शेकडो मुलांत काही मुले निराळी ओळखू येतात. त्यांचा गणवेश वाढत्या अंगाचा म्हणून एक माप मोठा घेतलेला असतो, पाठीवरचे दप्तर नवे असते, आणि ती घोळक्याच्या मधून न चालता कडेकडेने, भिंतीस धरून चालतात. ही मुले प्राथमिक शाळा सोडून प्रथमच हायस्कुलात निघालेली असतात. त्यांच्याविषयी, व थोडे त्यांच्याशीच, आज आम्हांस बोलावयाचे आहे.

विश्रांतवाडी ही एके काळी आळंदीच्या वाटेवरील लहानशी वस्ती होती. आज ती पुणे शहराचा भरगच्च भाग होऊन बसली आहे. एका बाजूस लोहगावचा विमानतळ, दुसऱ्या बाजूस खडकीचे कारखाने व दिघीकडील लष्करी ठाणी, आणि मध्ये उंच इमारतींच्या सोसायट्या व पत्र्याच्या खोल्या जवळजवळ भिंतीस भिंत लावून उभ्या. येथील मुलांपैकी कोणाचा बाप संगणकाच्या कचेरीत जातो, कोणाचा रिक्षा चालवतो, कोणाचा गवंडीकाम करतो. कोणाची आई चार घरची धुणीभांडी उरकून मग स्वतःच्या चुलीपाशी येते. हायस्कूल आतून कसे असते हे ज्यांच्या घरात आजवर कोणीच पाहिलेले नाही, अशी मुले येथे थोडीथोडकी नाहीत. शिकलेल्या घरातील मुलास वडील भाऊ, आत्या, मामा ह्यांपैकी कोणीतरी सांगून ठेवलेले असते की बीजगणितास भिऊ नकोस, अमक्या मास्तरांचा आवाज मोठा असला तरी माणूस चांगला आहे, वही अशी ठेव. दुसऱ्यास हे सांगणारे कोणी नाही. दोघे एका बाकावर बसतात, दोघांस पुस्तक एक, शिक्षक एक. आणि सहा महिन्यांनी एक पुढे व एक मागे दिसू लागला म्हणजे आपण सहज बोलून जातो, 'तो हुशार, हा ढ.' जेथे फरक माहितीचा होता तेथे आपण तो बुद्धीवर ढकलला, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

प्राथमिक शाळेतून हायस्कुलात जाणे म्हणजे केवळ इयत्ता बदलणे नव्हे. महापालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीपाशी थांबतात, म्हणून कोणी पाचवीत तर कोणी आठवीत नव्या शाळेत दाखल होतो. जुन्या शाळेत एकच गुरुजी अथवा बाई दिवसभर समोर असत. मुलाचे नाव, घर, त्याच्या आईचे दुखणेखुपणे, सारे त्यांस ठाऊक असे. येथे दर तासास नवा चेहरा येतो, पाऊण तासही पुरा होत नाही तो घंटा वाजते व तो चेहरा निघून जातो. वर्गात साठ-साठ मुले. शिक्षकास सर्वांची नावे पाठ व्हावयास दिवाळी उजाडते. गणिताची गोष्ट समजता समजता राहून गेली, तेवढ्यात इतिहास सुरू झाला. आणि मध्येच डोक्यावरून विमान गेले की शिक्षकांचे अर्धे वाक्य कोणासच ऐकू येत नाही. (लोहगावच्या धावपट्टीने ह्या भागातील किती प्रमेये अर्धवट ठेवली असतील त्याचा हिशेब कोणी केला नाही!) अशा वेळी हात वर करून 'गुरुजी, ते पुन्हा सांगाल का?' एवढे पाच शब्द जो मुलगा उच्चारू शकतो, तो तरतो. ज्यास ते उच्चारता येत नाहीत, त्याचे एक वाक्य बुडते, मग एक धडा बुडतो, मग तो विषयच बुडतो.

आमचे स्पष्ट मत असे आहे की, हायस्कुलात जी मुले मागे पडतात त्यांतील बहुसंख्य मुले विचारण्याच्या लाजेने मागे पडतात. आणि ही लाज जन्माबरोबर आलेली नसते. चार वर्षांचे मूल दिवसाकाठी शंभर प्रश्न विचारून आईस भंडावून सोडते, हे प्रत्येकाने पाहिलेले आहे. तेच मूल तेरा वर्षांचे होईपर्यंत मुके होते, ह्याचे श्रेय कोणाचे? 'मोठ्यांच्या तोंडी लागू नये', 'तुला काय कळते', 'गुमान बस', ही वाक्ये त्याने आमच्याच घरांत ऐकली आहेत. शाळेत त्यांत आणखी एकाची भर पडते: 'एवढेही येत नाही? मागच्या वर्षी काय केलेस?' आमच्या पाहण्यातील एका मुलाने आठवीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात फळ्यावरील एका इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला. शिक्षकांनी उत्तर दिले, परंतु त्यापूर्वी वर्गास हसू दिले. त्यानंतर त्या मुलाने वर्षभरात प्रश्न विचारला नाही, व वार्षिक परीक्षेत त्याच्या पेपरांत काय झाले हे सांगावयास नको. शाळा कोणती, हे सांगण्याचे कारण नाही. असा प्रकार ज्या शाळेत कधीच घडत नाही अशी शाळा आम्हांस दाखवावी.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा का झाला आहे, ते थोडक्यात सांगतो. शिक्षणाच्या हक्काचा जो कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, त्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत व सक्तीचे केले. हे मोठेच काम झाले. परंतु कायद्याचा हात मुलाच्या खांद्यावरून निघतो तो नेमका चौदाव्या वर्षी, आठवीच्या शेवटी. आणि वाट अवघड होते ती तेथूनच. पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत फुकट मिळतात, नववीत ती विकत घ्यावी लागतात. आठवीत गणिताचे एक पुस्तक असते, नववीत त्याची दोन होतात. पुढे ढकलत नेण्याची सवलतही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घेण्याची मोकळीक राज्यांस मिळाली, व महाराष्ट्रानेही तीच वाट धरली. त्यात आणखी एक गोष्ट विसरू नये. २०२० च्या मार्चात महामारीमुळे शाळा बंद झाल्या, त्या वेळी जी मुले अगदी खालच्या वर्गांत होती, तीच आता हायस्कुलाच्या दाराशी येत आहेत. घरात एक भ्रमणध्वनी, तोही बापाबरोबर कामावर गेलेला, अशा स्थितीत ह्या मुलांनी अक्षरओळखीची वर्षे काढली. त्यांचे पाढे कच्चे असतील तर तो दोष त्यांचा नाही. परंतु तो उणेपणा लपवून ठेवण्याची खटपट त्यांनी केली, तर मात्र तो त्यांच्या पुढील साऱ्या आयुष्यास पुरेल.

चौदावे वर्ष हे शिक्षण संपण्याचे वय आहे, अशी ज्या वडिलांची समजूत असेल त्यांनी पुण्याचाच एक इतिहास आठवावा. जोतीराव गोविंदराव फुले ह्यांस लहानपणी शाळेत घातले खरे, परंतु लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी त्यांस काढून मळ्यात कामास लावले. पुढे शेजारचे मुनशी गफारबेग व लिजिटसाहेब ह्या दोघा सद्गृहस्थांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. मध्ये काही वर्षांचा खंड पडलेला, हाताला कुदळीची सवय झालेली; वर्गातील मुलांपुढे त्यांस काय वाटले असेल ह्याची कल्पना करावी. १८४७ साली त्यांनी तेथील अभ्यासक्रम पुरा केला व १८४८ साली भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. ज्या शाळेत गेल्यावाचून हे घडते ना, तिच्यात हा मुलगा उशिराने गेला, आणि त्याच्या बापास हे करावयास दोन शेजाऱ्यांनी लावले. विश्रांतवाडीत असे शेजारी आज किती आहेत?

त्याच शाळेतील आणखी एक गोष्ट मुलांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जोतीरावांची व सदाशिवराव गोवंडे ह्यांची मैत्री तेथे जडली. एक माळी, एक ब्राह्मण; आणि काळ तो. पुढे मुलींच्या शाळांचे काम सुरू झाले तेव्हा गोवंडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. हायस्कुलात मित्र जोडताना आपल्याच गल्लीचा, आपल्याच जातीचा, आपल्याच गावाकडचा पाहून जोडू नये, असे आम्ही सांगतो ते केवळ उदारमतवाद म्हणून नव्हे. त्यात मोठा व्यावहारिक लाभ आहे. सोसायटीतील मुलास जे ठाऊक असते ते चाळीतील मुलास नसते, आणि चाळीतील मुलास जे ठाऊक असते त्याची सोसायटीतील मुलास स्वप्नातही कल्पना नसते. आपल्यासारख्यांतच बसणारा मुलगा जे येते तेच पुन्हा ऐकतो. पहिल्या महिन्यात निदान एका तरी अनोळखी मुलापाशी डबा उघडावा. एवढ्याने जग बदलत नाही हे खरे, परंतु डब्यापासून सुरुवात न करता बदललेले जग आमच्या तरी ऐकिवात नाही.

आता विद्यार्थिमित्रहो, थोडे तुमच्याशी. विचारावयास लाज वाटते, तर ती एकदम जाणार नाही, हे आम्ही जाणतो. भर वर्गात हात वर होत नसेल तर तास संपल्यावर शिक्षक दारापर्यंत जाईतो गाठावे. तेही जमले नाही तर प्रश्न कागदाच्या चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हाती द्यावा. लिहिलेला प्रश्न हसण्यावारी नेणे फार थोड्या शिक्षकांस जमते. 'मला काहीच समजले नाही' असे मात्र म्हणू नये. त्याने शिक्षकही हतबल होतो. 'तिसऱ्या पायरीपर्यंत समजले, चौथी कोठून आली ते कळले नाही' असे म्हणावे. असा प्रश्न विचारता येण्यासाठी मुलास प्रथम स्वतःच्या अज्ञानाची हद्द शोधावी लागते, आणि ती हद्द सापडली की अर्धे काम झालेच. रोज घरी गेल्यावर त्या दिवशीचे न समजलेले वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावे, व आठवड्याने ते पान पाहावे. काही प्रश्न आपोआप सुटलेले आढळतील, काही उरतील. जे उरतील ते घेऊन शिक्षकांकडे जावे.

इंग्रजी शब्दांची भीती हा ह्या वयातील मोठाच बागुलबुवा होऊन बसला आहे. ज्या शाळांत सेमी-इंग्रजीचा वर्ग आहे तेथे गणित व विज्ञान हे दोन विषय इंग्रजीतून शिकवितात. जो मुलगा काल 'समीकरण' सोडवीत होता त्याच्यापुढे आज 'इक्वेशन' येते, व आपणांस हे कधी शिकविलेच नाही असे वाटून तो घाबरतो. खरे पाहता त्यास ते पुरते येत असते; केवळ त्याच्या ओळखीच्या माणसाने नवा अंगरखा घातलेला असतो. ह्यावर उपाय फार स्वस्त आहे. शंभर पानी एक वही घ्यावी, मधोमध रेघ मारावी, डावीकडे 'घर्षण', उजवीकडे 'फ्रिक्शन'. डावीकडे 'प्रकाशसंश्लेषण', उजवीकडे 'फोटोसिंथेसिस'. बालभारतीचे तेच पुस्तक दोन्ही भाषांत मिळते. मोठ्या वर्गातील एखाद्या मुलापाशी जुने मराठी पुस्तक असेल तर मागून घ्यावे, नाहीतर अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके मिळतात तेथे एखाद्या रविवारी जाऊन यावे. दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचणारा मुलगा दिवाळीपर्यंत दोन्ही भाषांत निर्धास्त होतो. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस वरच्या इयत्तांत बहुतेक सर्व विषय इंग्रजीतून शिकावे लागत, आणि त्यांच्यापाशी तर हे मराठी पुस्तकही नव्हते.

भाषेवरूनच निघाले म्हणून सांगतो. आठवीत हिंदी घ्यावे, संस्कृत घ्यावे की दोन्ही अर्धे अर्धे घ्यावे, अशी निवड मुलांपुढे येते. कित्येक शाळांत जे संस्कृत घेतात त्यांची तुकडी वेगळी होते, व ती तुकडी हुशारांची असा बोभाटा आपोआप होतो; मग हिंदी घेणारा मुलगा आठवीच्या पहिल्याच दिवशी मनाने खाली बसतो. ही चाल आम्हांस अत्यंत घातक वाटते. डॉ. भीमराव आंबेडकर मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असता त्यांस संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते त्यांस नाकारण्यात आले व त्यांनी फारशी घेतली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, आणि ज्या भाषेचे दार शाळेने लावून घेतले होते ती पुढे त्यांनी स्वतःच्या कष्टाने हस्तगत केली. आज ते दार कायद्याने कोणास लावता येत नाही. तेव्हा ज्यास संस्कृताची गोडी असेल त्याने, तो कोणत्याही घरचा असो, बेधडक संस्कृत घ्यावे; ज्यास नसेल त्याने केवळ तुकडीच्या मोहाने घेऊ नये. मुख्याध्यापकांस आमची विनंती अशी की, भाषेवरून तुकड्या पाडणे सोईचे असले तरी बाकीच्या तासांस मुले मिसळून बसवावीत.

पाठांतराविषयी बरेच लिहिता येईल, थोडेच लिहितो. कविता पाठ करावी, पाढे पाठ करावे, सूत्रे पाठ करावी. विज्ञानाचे 'कारणे द्या' मात्र पाठ करू नये. ज्या कारणाचे कारण आपणांस ठाऊक नाही ते कारणच नव्हे. मार्गदर्शकांतील तयार उत्तरे वहीत उतरवून काढण्यात ह्या भागातील मुलांच्या कित्येक संध्याकाळी जातात. तो वेळ झोपेस दिला तर अधिक बरा. भ्रमणध्वनीचेही तेच. त्यावर धडा पाहावा, शब्दाचा अर्थ पाहावा, ह्यास आमची ना नाही. परंतु अभ्यासाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत असावा, व ज्यांचे घर एकाच खोलीचे आहे त्यांनी तो आईच्या स्वाधीन करावा. आईस तो वापरता येत नसेल तर सोन्याहून पिवळे.

ऑगस्टाच्या सुमारास पहिली घटक चाचणी होते. तीत गुण कमी पडतील. हे आम्ही आधीच सांगून ठेवतो, म्हणजे त्या दिवशी घरात रडारड व्हावयाची नाही. नव्या शाळेचा प्रश्नपत्रिका काढण्याचा, उत्तरे तपासण्याचा तऱ्हा निराळा असतो. पहिली चाचणी ही ती रीत समजून घेण्यापुरती मानावी. उत्तरपत्रिका हाती आली म्हणजे गुणांची बेरीज करून ती दप्तरात कोंबू नये; कोठे अर्धा गुण गेला व का गेला हे पाहावे. आणि पुढे दहावीतच अपयश आले तरी जग बुडत नाही. २०१५ सालापासून मार्चात नापास झालेल्यांस त्याच वर्षी पावसाळ्यात फेरपरीक्षा देता येते. ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांस सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसता येते. धोंडो केशव कर्वे मुरूडच्या शाळेत असता १८७५ साली परीक्षेसाठी भर पावसाळ्यात मुरूडहून साताऱ्यास शंभरांहून अधिक मैल पायी गेले, आणि तेथे 'तू वयाने लहान दिसतोस' म्हणून त्यांस परीक्षेस बसूच दिले नाही. मॅट्रिक व्हावयास त्यांस १८८१ साल उजाडले, म्हणजे वय तेवीस झाले. आजच्या हिशेबाने हा मनुष्य सात वर्षे मागे पडलेला! वर्गात आपण इतरांहून मोठे दिसतो म्हणून शाळा सोडणाऱ्या मुलांस त्यांच्या आईबापांनी हा वृत्तांत अवश्य सांगावा.

पैशांची अडचण ज्यांस आहे त्यांनी एक गोष्ट आठवीच्या आरंभीच विचारून घ्यावी. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती आहे. तिची परीक्षा आठवीत होते. सरकारी, महापालिकेच्या व अनुदानित शाळांतील मुलांस तीस बसता येते, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आत असावे लागते, आणि निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. म्हणजे कायद्याचा हात निघतो नेमका तेथेच हा दुसरा हात पुढे येतो. परंतु अर्ज वेळेवर भरला पाहिजे, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढला पाहिजे, आणि ह्यासाठी कोणीतरी शाळेत विचारले पाहिजे. समाजकल्याण खात्याची कचेरी तर विश्रांतवाडीतच आहे. अनुसूचित जातींच्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले ह्यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. जी कचेरी घरापासून हाकेच्या अंतरावर आहे तिची पायरी न चढता मुलीस शाळेतून काढणारे वडील आम्ही पाहिले आहेत. त्यांस आम्ही दोष देत नाही. कचेरीत विचारावयास त्यांसही लाज वाटते. मुलाची लाज कोठून आली ते येथे दिसते.

मुलींविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. आठवी-नववीत मुलगी मोठी होते, आणि घरातील माणसांस एकाएकी तिचे शाळेत जाणे दूरचे वाटू लागते. धाकटे भावंड सांभाळावयाचे असते, आई कामावर असते, चौकात टवाळ मुले उभी असतात, शाळेतील संडासात पाणी नसते. ह्यांतील एकेक कारण लहान. चार एकत्र आली की मुलगी घरी. मग चार वर्षांनी, अठरा पुरी होतात न होतात तो, तिचे लग्न. महिन्याच्या त्या चार दिवसांत मुलगी शाळेत येत नाही व प्रत्येक महिन्यात तिचा गणिताचा एखादा भाग बुडतो, ही गोष्ट पुरुष शिक्षकांच्या ध्यानी येत नाही. शिक्षिकांनी ती मुख्याध्यापकांच्या कानांवर घालावी व संडासात पाणी आहे की नाही हे मुख्याध्यापकांनी स्वतः जाऊन पाहावे. चौकातील टवाळीस भिऊन मुलीस घरी बसविणारे वडील शिक्षा कोणास देतात, ह्याचा त्यांनीच विचार करावा. चार मुलींनी मिळून जावे, मिळून यावे; आणि त्रास झाल्यास घरी सांगावे. सांगितल्यास शाळा बंद होईल अशी भीती मुलीस वाटत असेल तर ती सांगणार नाही, म्हणून ती भीती आईने आजच काढून टाकावी.

वडीलधाऱ्यांस आमचे मागणे मोठे नाही. जूनमध्येच मुलास शिकवणीच्या वर्गात अडकवू नये. सकाळी शाळा, दुपारी क्लास, रात्री क्लासचा गृहपाठ, अशा दावणीस बांधलेल्या मुलास स्वतःशी विचार करावयास वेळच उरत नाही; आणि क्लासात ऐंशी मुलांत तो शाळेतल्याहून अधिक मुका होतो. पहिले सत्र त्यास शाळेबरोबर चालू द्यावे. मग खरोखर एखाद्या विषयात अडत असेल तर पाहावे. ज्यांस लिहितावाचता येत नाही अशा आईबापांनी आपला काय उपयोग असे म्हणू नये. रोज रात्री जेवताना 'आज काय विचारलेस?' एवढा प्रश्न त्यांनी करावा. 'किती गुण पडले?' हा प्रश्न मुलगा वर्षातून चार वेळा सोसू शकतो. पहिला त्यास रोज उपयोगी पडतो. आणि शाळेने पालकांस बोलाविले असता एका दिवसाची मजुरी बुडते हे खरे असले तरी वर्षातून दोनदा तरी जावे. शाळांनीही अशा सभा कामकऱ्यांस सोईच्या वेळी, रविवारी किंवा सायंकाळी सहानंतर ठेवाव्यात. सोमवारी सकाळी अकरास सभा बोलावून पालकांस आस्था नाही अशी तक्रार करणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

शेवटी शाळाचालकांस व मुख्याध्यापकांस दोन सूचना करतो. त्यांस पैसा लागत नाही. पहिली अशी की, सकाळी शाळा भरण्यापूर्वी एक तास एक वर्ग उघडा ठेवावा. एका खोलीत सहा माणसे राहतात अशा घरात अभ्यासास जागा नसते, पहाटे दिवा लावला तर रात्रपाळी करून आलेल्या बापाची झोप मोडते. शाळेत मात्र त्या वेळी वीस वर्ग कुलपात रिकामे पडलेले असतात.

दुसरी सूचना पालखीवरून सुचली. वारीस प्रथमच निघालेल्या माणसास दिंडीत कोणी परीक्षा घेऊन घेत नाहीत. त्यास मधल्या रांगेत उभे करतात, शेजारच्या जुन्या वारकऱ्याच्या टाळाकडे पाहत पाहत त्याचा हात बसतो, आणि सासवडपर्यंत अभंगाची चाल त्याच्या तोंडी येते. मद्रासेत अँड्र्यू बेल ह्या गृहस्थाने अठराव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या मुलांकडून लहानांस शिकविण्याचा प्रयोग केला व त्याचे विलायतेत फार नाव झाले. आमच्या पंतोजींच्या शाळांतही तेच चाले, त्याची मात्र पुस्तके निघाली नाहीत. तेव्हा प्रत्येक हायस्कुलाने नव्या मुलामागे नववी-दहावीतील एक मुलगा व नव्या मुलीमागे एक मुलगी, अशी नावे नेमून द्यावीत. मधल्या सुटीतील दहा मिनिटे पुरेत. पाण्याचा नळ कोठे आहे, प्रयोगशाळेत काय हाताळू नये, कोणत्या शिक्षकांस केव्हा विचारावे, जुने पुस्तक कोणापाशी आहे, हे त्याने सांगावे. जोड्या लावताना एक सोसायटीतला व एक वस्तीतला अशा लावता आल्या तर उत्तमच. ह्या नेमणुका पहिल्या घटक चाचणीनंतर होऊन उपयोग नाही. शाळा उघडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत यादी तयार होऊन ती फलकावर लागावी, आणि ज्याचे नाव यादीत राहून गेले असेल त्याने त्याच दिवशी कार्यालयात जाऊन 'माझे नाव का नाही?' असे विचारावे.